चार एकर पाच गुंठ्यांची वाइन

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीला खेटून, अल्सास नावाचा प्रांत आहे. तिथल्या उनावीर गावात द्राक्षबागेचा एक तुकडा आहे, 1.67 हेक्टरचा. आपल्या हिशेबात चार एकर पाच गुंठे. त्या तुकड्याचं नाव क्लो सँत युन. त्यातून वर्षाला जेमतेम आठ-नऊ हजार बाटल्या निघतात आणि जगातल्या नावाजलेल्या पांढऱ्या वाइन मोजायला बसलं की हिचं नाव सुरुवातीलाच येतं. एका बाटलीला दोनशे युरोच्या वर मोजावे लागतात. पुतण्याने हे सांगितलं तेव्हा माझं डोकं वाइनवरून उठलं आणि थेट सातबाऱ्यावर जाऊन बसलं. माझ्या वाट्याला आलेली जमीन चार एकर दोन गुंठे. तीन गुंठे कमी, बाकी पीक तेच.

मी जालना तालुक्यातला, कडवंचीच्या बाजूचा. शहरात माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि शेतात थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. कडवंची आता शेततळ्यांसाठी आणि द्राक्षासाठी सगळ्यांना माहीत झालं आहे, पण आमच्या लहानपणी तिथे मुरमाचे माळ आणि उन्हाळ्यात टँकर एवढंच होतं. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून बांधबंदिस्ती झाली, विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं मागे लागली आणि माळावर द्राक्षाचे मांडव चढले. त्यांचं बघून आम्हीही लावली. त्या कार्यक्रमात पैसा जर्मनीचा होता. आता आमचा पुतण्या जर्मनीत, कार्ल्सरूहला नोकरी करतो. तिथून ऱ्हाईन ओलांडून थोडं दक्षिणेला गेलं की अल्सास. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि दुसऱ्या देशात जेवून संध्याकाळी घरी यायचं, असं त्याचं चालतं.

यंदा हुरड्याच्या दिवसांत तो आला तेव्हा बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती. क्लो सँत युन नव्हे. ती घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण सूनबाईंनी डोळे वटारले. त्याच घराण्याची धाकटी, क्युव्हे फ्रेदेरिक एमिल. उंच, सडपातळ, हिरवी बाटली, पिवळं लेबल, त्यावर 2012. विमानाने येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू जकातीविना आणता येते, म्हणून ही आमच्यापर्यंत पोचली. (आपल्याकडे प्यायलाही परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. विचारलं तर लोक हसतात, पण कायदा आहे.)

घराण्याचं नाव त्रिम्बाख. आमच्या आप्पांनी पहिल्या दिवसापासून त्र्यंबकच म्हटलं आणि कोणी दुरुस्त केलं नाही. हे लोक 1626 पासून वाइन करतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चार वर्षं आधीपासून. आता बारावी-तेरावी पिढी आहे. बर्नार आणि ह्युबेर हे दोघे भाऊ होते, त्यातल्या बर्नारचे मुलगे पिएर आणि ज्याँ. पिएर तळघरात वाइन बघतो, ज्याँ जगभर फिरून विकतो. पिएरची मुलगी आनही कामाला लागली आहे. एक भाऊ बागेत आणि एक बाजारात, ही विभागणी आमच्याकडेही व्हायला हवी होती. आमच्याकडे दोघंही बागेत असतात आणि दोघंही व्यापाऱ्याला फोन लावतात.

इथे माझा भाऊ म्हणाला, त्यांच्याकडे वाटण्या होत नसतील, म्हणून टिकलं. तसं नाही. फ्रान्समध्ये 1804 च्या नेपोलियनच्या कायद्यापासून सगळ्या मुलांना वारसा सारखा मिळतो. त्याच देशात बर्गंडीला क्लो द व्हूजो म्हणून एक बाग आहे, सुमारे 50 हेक्टरची, एका भिंतीच्या आत. तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाच्या नावावर चार ओळी, कोणाच्या दहा. आपल्या गावातल्या बांधावरच्या मारामाऱ्या त्यांना नवीन नाहीत. त्रिम्बाखांनी नाव एक ठेवलं. आजोबांकडे सोळा एकर होतं. त्यातून माझ्याकडे चार आलं, आणि माझी दोन पोरं आहेत.

अल्सासचा इतिहास ऐकताना आप्पा सरसावून बसले. 1871 मध्ये हा प्रांत जर्मनीने घेतला, 1918 ला फ्रान्सकडे परत गेला, 1940 ला पुन्हा जर्मनी, 1945 ला पुन्हा फ्रान्स. 1870 साली जन्मलेला तिथला माणूस पंचाहत्तरी गाठून गेला असेल तर गाव न सोडता त्याचा देश चारदा बदलला. क्लो सँत युन हे नाव बाटलीवर पहिल्यांदा आलं ते 1919 च्या हंगामाचं, प्रांत फ्रान्समध्ये परतल्यावरच्या पहिल्या पिकाचं. आप्पा निजामाच्या राज्यात जन्मले. आमच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, वाचायला माणूस शोधावा लागतो. राज्य बदललं की आधी कागद बदलतात आणि मग सारा, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला जास्त गंमत वाटली ती पावसाची. अल्सासच्या पश्चिमेला व्होज नावाचा डोंगर आहे. अटलांटिकवरून येणारा पाऊस तो तिकडच्या अंगाला पाडून घेतो आणि अलीकडे कोरडं राहतं. कोलमार हे त्या भागातलं शहर फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांत धरतात. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. म्हणजे सह्याद्री आणि मराठवाडा, तेच नातं. उलट आमच्या जालन्याला सरासरी थोडी जास्तच. मग ते तिथे ठिबक न टाकता बाग जगवतात आणि आम्ही प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यातल्या पाण्याचा इंचइंच मोजतो, हे कसं? त्यांचा पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो. आमचा चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत, आणि मग एखाद्या ऑक्टोबरात नेमका फळछाटणी झाल्यावर येऊन डावणी रोग लावून जातो. वरून ऊन. त्यांच्या मातीतलं पाणी मुळाशी थांबतं, आमचं मार्चमध्ये उडून जातं.

माती तर आणखी गमतीची. क्लो सँत युन ज्या रोझाकर टेकडीवर आहे तिथे चुनखडक आहे, डोलोमाइट आहे, आणि जाणकार लोक त्या चुन्याचे गोडवे गातात. माझ्या दुकानात शेतकरी माती परीक्षणाचा कागद घेऊन येतो, त्यात मुक्त चुना दहा-बारा टक्क्यांच्या वर दिसला की मी खुर्चीतून पुढे सरकतो. शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह जमिनीत असतं पण वेल उचलू शकत नाही. मग फेरस सल्फेटच्या फवारण्या, चिलेटेड लोह, शेणखत, गंधक. जो चुना तिथे बाटलीची किंमत वाढवतो, तो इथे माझा गल्ला भरतो. अर्थात त्यांच्या वेली कलमाचे खुंट चुन्याला सोसणारे निवडून लावलेल्या आहेत. आपण डॉगरिज लावतो, तो पाण्याच्या ताणाला आणि खाऱ्या पाण्याला तगतो म्हणून. दोन्हीकडचे खुंट मुळात अमेरिकेतले, हेही एक. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा नावाच्या किडीने युरोपच्या बागांची मुळं खाल्ली तेव्हा अमेरिकेच्या खुंटावर कलम करूनच त्या वाचल्या.

आता वाइन.

बाटली दिवसभर शेडमधल्या रांजणात ठेवली होती. जानेवारीची रात्र, फ्रिजची गरजच नव्हती. आगटी पेटलेली, गुळभेंडीची कणसं भाजून चोळणं चालू. बागेत मण्यात नुकतं पाणी उतरायला लागलं होतं. आप्पा माळकरी, ते हुरडा आणि दही घेऊन लांब खाटेवर. पुतण्याने स्वतःच आणलेल्या स्क्रूने बूच काढलं. आधी स्टीलच्या पेल्यात ओतली तर वास कुठल्या कुठे गेला, मग घरून काचेचे ग्लास मागवले. बायकोने पाठवताना निरोप दिला की एकही फुटायला नको.

रंग फिकट सोनेरी. पहिला वास आला आणि भाऊ म्हणाला, "ही काहून रॉकेल मारायली?"

बरोबर बोलला. ज्याने रेशनच्या दुकानापुढे डबा घेऊन रांग लावली आहे त्याला तो वास लगेच ओळखू येतो. ही वाइन रीसलिंग नावाच्या द्राक्षाची. रीसलिंग जुनी झाली की तिला हा वास येतो आणि शौकीन लोक त्यासाठी पैसे मोजतात. सालीत जे कॅरोटिनॉइड असतात, तेच गाजरातले, ते उन्हाने वाढतात, मोडतात आणि बाटलीत वर्षं गेल्यावर त्यातून एक द्रव्य तयार होतं. त्याचं लांबलचक रासायनिक नाव आहे, लोक टीडीएन म्हणतात. घडावर ऊन जास्त तेवढा तो वास लवकर आणि जास्त. फ्रेदेरिक एमिलमध्ये तो मागे होता. पुढे लिंबाची साल होती, ओल्या दगडासारखं काहीतरी होतं, आणि ग्लास हातात धरून थोडा गरम झाल्यावर मध.

घोट घेतला आणि दोन्ही गालांच्या आत, दाढांच्या मागे, पाणी सुटलं. एवढी आंबट! पण कैरीचं आंबट चावतं तसं नव्हे. ती सरळ जाते, जिभेच्या मधोमध, आणि बऱ्याच वेळाने थांबते. गोडीचा मागमूस नाही. मी खिशातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, काढला. हंगामात तो खिशातच असतो. काचेवर एक थेंब टाकला, झाकण दाबलं, मोबाइलच्या टॉर्चकडे धरलं. निळी रेघ सातच्या जरा वर. भाऊ म्हणाला, "साखर हाय की." नाही. अल्कोहोलनेही प्रकाश वाकतो, त्यामुळे वाइनमध्ये हे यंत्र खोटं बोलतं. साखर सगळी आंबून गेलेली असते. रसात बावीसच्या आसपास ब्रिक्स (साखरेचं माप) असेल तर त्याची साधारण तेरा टक्के दारू होते. आम्ही थॉमसन सोळा-सतराला तोडायला लागतो.

ती आंबटी कुठून येते, हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे, म्हणून जरा सांगतो. द्राक्षात दोन मुख्य आम्लं, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक उष्णतेने जळतं, विशेषतः रात्र गरम असली की वेल ते खाऊन टाकते. अल्सासमध्ये फळ पिकतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस थंड होत जात असताना. गोडी हळूहळू चढते आणि आंबटी टिकते. आपल्याकडे फळ पिकतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. गोडी धावते आणि आंबटी पळते. नाशिकच्या वाइनवाल्यांनाही हाच घोर असतो, म्हणून तेही पहाटे अंधारात तोडणी करतात. शिवाय अल्सासची वेल थंडीत झोपते, वर्षाला एकदाच छाटतात. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची. बारा महिने जागं ठेवलेल्या वेलीला आपण बारा-पंधरा वर्षांत उपटतो. त्या चार एकर पाच गुंठ्यांत पन्नास वर्षांच्या पुढच्या वेली आहेत.

आणखी एक. त्रिम्बाख वाइनमधलं मॅलिक आम्ल मऊ करणारी दुसरी आंबवण होऊ देत नाहीत. अनेक पांढऱ्या वाइनमध्ये ती मुद्दाम करतात, लोण्यासारखी चव येते. इथे ती नाही, नव्या लाकडाचा वासही नाही. जे द्राक्षात होतं तेच ग्लासात. मला हे आवडलं. लाकडाचा मसाला चढवलेली एक महागडी वाइन मी एका लग्नात प्यायलो आहे, फर्निचरच्या दुकानात जीभ फिरवल्यासारखं वाटलं होतं.

हुरड्याबरोबर मात्र ही जमली. कोवळ्या दाण्याचा दुधाळ गोडवा आणि ही आंबटी, मध्ये शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या मुठीनंतर बोलणं बंद झालं. ठेच्याबरोबर अजिबात नाही. मिरची आणि अल्कोहोल मिळून टाळूला आग लागते आणि वाइन बिचारी पाणी होऊन जाते. भाऊने ठेचा सोडला नाही, ग्लास सोडला. त्याचा हिस्सा मी घेतला.

मग आकडेमोड सुरू झाली, शेतकरी दुसरं काय करणार. आठ-नऊ हजार बाटल्या म्हणजे सहा-साडेसहा हजार लिटर, म्हणजे नऊ-दहा टन माल. अख्ख्या चार एकरांत. एवढा आम्ही एका एकरात काढतो, आणि तोही जीए नावाच्या संजीवकात बुडवून फुगवलेला, गर्डलिंग म्हणजे खोडाची साल गोल कापून, मणी अठरा मिमीच्या वर गेलाच पाहिजे म्हणून. किलोला बागेत तीस-चाळीस रुपये मिळाले की सत्यनारायण घालतो. भाऊ म्हणाला, "मग आपण बी रीसलिंग लावू." सांगितलं, आपल्या एका पाहुण्याने लावली होती, रीसलिंग नाही पण वाइनचीच जात, दोन एकर. 2001 च्या राज्य सरकारच्या धोरणानंतर वाइनची हवा होती, करार होते. 2009 च्या सुमाराला मंदी आली, वाइन पडून राहिली, कारखान्याने माल उचलला नाही. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, बाजारात कोण घेणार? त्याने कुऱ्हाड लावली. असे बरेच होते. त्रिम्बाखही आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून द्राक्ष विकत घेतातच, साध्या बाटल्यांसाठी.

मला त्या बाटलीत खरा फरक दिसला तो वेगळाच. फ्रेदेरिक एमिलची बाग गाइसबर्ग आणि ऑस्टरबर्ग या दोन टेकड्यांवर, त्यांच्या रिबोव्हिलेच्या घराच्या मागेच आहे. माल घरात येतो, वाइन होते, बाटलीत भरतात, आणि मग विकत नाहीत. वर्षानुवर्षं तळघरात आडवी ठेवतात, आपल्याला वाटलं की झाली, तेव्हाच बाहेर काढतात. क्लो सँत युनचंही तेच. म्हणजे कित्येक हंगामांचा पैसा जमिनीखाली झोपवून ठेवायचा. माती कोणालाही मिळेल, हवा कोणालाही मिळेल. यंदाचा माल यंदा न विकण्याची ऐपत मिळवायला चारशे वर्षं लागली असतील तर नवल नाही. माझा माल तोडल्यापासून आठ दिवसांत विकला गेला नाही तर तो माल राहत नाही. व्यापाऱ्याला ते माहीत असतं. म्हणून तो सहाव्या दिवशी फोन उचलत नाही.

आप्पा खाटेवरून सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, त्या तुकड्याला नाव कोणाचं? पुतण्याने सांगितलं, सातव्या शतकातली एक बाई होती, युन, मोठ्या घरची. गावातल्या झऱ्यावर गोरगरिबांचे कपडे स्वतः धुवायची. पुढे लोकांनी तिला संत मानलं, गावाचं नावही तिच्यावरून पडलं. आख्यायिका अशी की एका वर्षी द्राक्ष बुडालं तेव्हा त्या झऱ्यातून वाइन वाहिली.

"म्हणजे आपली जनाबाईच की," आप्पा म्हणाले. गंगाखेडची जनाबाई, जिच्याबरोबर विठ्ठल दळायला आणि धुणं धुवायला यायचा. फरक एवढाच, ते म्हणाले, की जनाबाई गरिबाघरची होती, तिचं धुणं देवाला धुवावं लागलं. "दारूचं मात्र आपल्या विठ्ठलानं काही केलं नाही, बरं केलं."

आता मार्च जवळ आला आहे आणि घरात एक वाद चालू आहे. माझं म्हणणं, अर्धा माल यंदा बेदाण्याला घालू. वीसेक दिवस शेडमध्ये वाळवायचा, तासगावला नेऊन शीतगृहात ठेवायचा, पावतीवर उचल घ्यायची आणि भाव आला की काढायचा. थांबण्याची एवढीच सोय आपल्याकडे आहे. भाऊ म्हणतो, शेडचं भाडं, डिपिंग ऑइल, मजुरी, वाहतूक, वर शीतगृहाचं महिन्याचं भाडं आणि उचलीवर व्याज, हे कोण भरणार, तुझा त्र्यंबक? पुतण्या व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवतो, कधी मला, कधी त्याच्या वडिलांना. परवा व्यापारी बाग बघून गेला. एका दमात पूर्ण बागेचा सौदा मागतोय, भाव अजून बोलला नाही.